खपली गव्हाचा रंग

इंदापूर
१२ मार्च १९९६

चि. राजनंदिनीस,

अनेक आशीर्वाद. नावाच्या आधी काय लिहावं ते सुचेना. सौ. आता लिहिता येत नाही आणि त्या जागी दुसरं जे लिहितात ते माझ्या हातानं उतरत नाही. म्हणून नुसतं चि. लिहिलं आहे. तेवढ्यावर चालवून घे.

तुझं कार्ड मिळालं. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझे दादा तुला वडगावला घेऊन गेले, त्या गडबडीत ट्रंक इथंच राहिली. ती उद्या एसटीच्या पार्सलानं निघेल. तुझ्या साड्या, शिवणाची कात्री, तुझ्या आईनं दिलेला तांब्या, सगळं घातलं आहे. साड्यांत कडुनिंबाचा पाला आहे, तो झटकून टाक. लग्नाचा फोटो घातला नाही. त्याची काच तडकली आहे. काच बसवून घेते, मग बघू.

तू विचारलं आहेस, आत्या, जेवता का. जेवते. झोपही लागते. कुशाबाई रोज भिंतीवरून डोकावून बघते, मी रडते का म्हणून. परवा म्हणाली, "सारजाक्का, रडून घ्या वं एकदा. आसं कोरडं ऱ्हाऊ न्हाय मानसानं." मी म्हटलं, यायचं तेव्हा येईल, तू तुझं दूध उतू जातंय ते बघ. खरंच जात होतं.

जीप आणली. इतके दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. इंदापूर-बारामती प्रवासी भरून वडाप करायला माझ्या विजूनं ती घेतली तेव्हा मी नारळ वाढवून तिला ओवाळलं होतं. आता ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. उसाच्या त्या उभ्या ट्रॉलीला मागं लाल दिवा असता तर, असं दारात येणारा प्रत्येक माणूस म्हणतो. मी ऐकून घेते. दिवा नव्हता.

भंगारवाल्याला मी सांगितलं, सगळं उचल, खिळासुद्धा दारात ठेवू नकोस. त्यानं उचललं. पण ह्यांनी, तुझ्या मामांनी, त्याआधीच मागच्या चाकाची कमान, गाडीचा भार पेलणारी ती स्प्रिंग, सोडवून तिचं एक पातं बाजूला काढलं होतं. पुढचा भाग बघवत नव्हता, ही कमान मात्र जशीच्या तशी होती. मी म्हटलं, हे लोखंड घरात नको. तर म्हणाले, "घरात कुठं हाय? गोठ्यात हाय."

गोठ्याचं तुला माहीतच आहे. कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले, म्हशी विकल्या आणि दावणीच्या जागी भट्टी मांडली. रुळाचा तुकडा ऐरण म्हणून, ट्रकच्या चाकाची रिंग भट्टी म्हणून. जुन्या कानशी आणि कमानपाटे तापवायचे, ठोकायचे, त्यांच्या सुऱ्या करायच्या. विकायची एक नाही, सगळी हौस. "सर्जेतात्या लोहार झालं" म्हणून गावानं हसून घेतलं. तू नवी सून म्हणून आलीस तेव्हा म्हणाली होतीस, आमच्या वडगावला रिटायर माणसं भजनाला बसतात, इथं सुऱ्या करतात. विजू किती हसला होता.

तो गेल्यापासून भट्टी विझलेली होती. ती आता पुन्हा पेटली आहे. मामा बोलतात का, असं तू विचारलंस. बोलत नाहीत. ठोकतात. मी गोठ्यात पाय ठेवत नाही.

पार्सल मिळाल्याचं कळव. ट्रंकेची कडी जरा ढिली आहे, म्हणून सुतळी बांधली आहे. सुतळी कापू नकोस, सोडव, उपयोगी पडते.

तुझी आत्या

---

इंदापूर
५ मे १९९६

चि. राजनंदिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पडलं होतं, उत्तराला उशीर झाला. नृसिंह जयंतीला नरसिंहपूरला जाऊन आले. दरवर्षीचं चुकवायचं नाही म्हणून गेले. ज्या पायऱ्यांवरून आपण विजूची रक्षा सोडली तिथं खाली उतरले. भीमेला पाणी नाही, नीरेला नाही, संगमावर चिखलात म्हशी बसलेल्या. मी उभी राहिले, चूळ भरली आणि वर आले. काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं असं मात्र वाटलं.

देवापुढं बसले तेव्हा एक विचार आला तो तुला सांगते, हसलीस तरी चालेल. एवढा मोठा दैत्य फाडायला देवाला शस्त्र लागलं नाही, नखं पुरली. आणि तुझ्या मामांना कांदा चिरायला किती सुऱ्या लागतात. घरी आल्यावर त्यांना हे म्हटलं. बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. म्हणाले, "द्येवाला धार लावावी लागत न्हाय."

आता गोठ्यात रोज कुणी ना कुणी असतं. गेणबा मेंढरं कातरायची कातर घेऊन आला होता. मेंढरं आता राहिलीत कुठं, दोन शेळ्या आहेत, पण कातरीला धार पाहिजे. मामांनी धार लावून ती सरळ त्याच्या हातात दिली. कुशाबाई भिंतीवरून ओरडली, "तात्या, आवो खाली ठिवा की! धारंची वस्तू हातात देत्यात व्हय? मागल्या साली माज्या जावंला सुरी हातात दिलीसा, आजून तोंड बगत न्हाय आमी येकमेकीचं."

मामा म्हणाले, "त्याच्या आदी लई गोडी हुती व्हय?"

गेणबा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी आतून येऊन म्हटलं, गेणबा, ती खाली ठेव आणि परत उचल. त्यानं ठेवली, उचलली. माणसाचं काय जातं.

तुला आठवतं का, तू आलीस त्या पहिल्या आठवड्यात मी मेथी निवडत होते आणि तू सुरी मागायला हात पुढं केलास. मी ती जमिनीवर ठेवली आणि म्हटलं, आता उचल. तू म्हणालीस, "आत्या, एवढ्यानं भांडण होतं व्हय?" मी म्हटलं, भांडण झालं तर मिटतं गं, ह्यानं नातं तुटतं. ते तू नंतर कधी विसरली नाहीस. विळा असो, कात्री असो, खाली ठेवायचीस. विजू चिडवायचा, सासूसुनांचं बघा, रोज जमिनीवरून व्यवहार.

ते पातं तसंच भट्टीच्या कडेला पडून आहे. मामा त्याच्यावर हात फिरवतात आणि दुसरं काही तापवायला घेतात. मी लांबूनच बघते.

फोटो अजून काचवाल्याकडं आहे.

तुझी आत्या

---

इंदापूर
२४ ऑक्टोबर १९९६

चि. राजनंदिनीस,

अनेक आशीर्वाद. दसरा झाला. वर्षाचा दुखवटा असल्यानं आपल्याकडं सण नव्हता. दाराला तोरण नाही, गोडधोड नाही. पण खंडेनवमीला मामांनी हातोडा, सांडशी, ऐरण सगळं धुऊन मांडलं, आणि हळदकुंकू मागायला स्वैपाकघराच्या दाराशी आले. मी वाटी दिली. हत्यारांना सुतक नसतं म्हणतात.

त्याच दिवशी त्यांनी त्या पात्याला हात घातला. छन्नीनं मधोमध तोडून दोन तुकडे केले आणि एक तापवायला घेतला. संध्याकाळपर्यंत त्याला आकार आला होता. लांब, निमुळता, दोन्ही बाजूंनी धार घेईल असा. सुरीसारखा नव्हता. मी विचारलं नाही.

मग तेलात विझवला. तेलाचं सांगायचं राहिलं. इंजिनचं जुनं तेल संपलं म्हणून माझ्या डब्यातलं करडईचं तेल नेलं, न विचारता. मी म्हटलं, आता फोडणी कशाची देऊ? तर म्हणाले, "गाळून परत आनतो." आणलंय. डब्यात लोखंडाचा वास आहे. दिव्यालाही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पातं त्यांच्या हातातून निसटलं आणि फरशीवर पडून दोन तुकडे झाले. काचेसारखा आवाज झाला. कुशाबाईनं लगेच कानाला हात लावले, "मेलेल्याच्या गाडीचं लोखंड, तात्या. त्याला न्हाय ऱ्हायाचं हितं." मामांनी तुकडे गोळा केले. ती गेल्यावर मला म्हणाले, "लोखंडाचा दोष न्हाय. इझवल्यावर परत वाईच तापवायचं असतं, तवा रंग चढतो. खपली गव्हागत झाला की काढायचं. मला रंगच दिसंना. समदं धुक्यागत." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. मला म्हणाले, "अजून येक तुकडा हाय. तू रंग सांगशील?"

मी म्हटलं, दिवे लावायची वेळ झाली.

आता तुझ्या दादांचं. ते येऊन गेले ते तुला माहीत असणार, तूच पाठवलं होतंस. बराच वेळ ऊसपाण्याचं बोलले, मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मावशी, पिंपळीचं स्थळ हाय. नागेश नाव. दूध संकलनावर हाय. पयली बायको बाळंतपनात गेली, लेकरू बी ऱ्हायलं न्हाय. त्येला पसंत हाय. पर आमची बाय हो म्हनंना का न्हाय म्हनंना. म्हनती, आदी इंदापूरला इचारा."

मी म्हटलं, चहात साखर कमी झाली का?

ते म्हणाले, "न्हाय, गोड हाय."

मग म्हणाले, आपल्यात हे होत नाही हे मलाही कळतं, पण पोरगी पंचविशीची आहे. करायचं ते साधंच, देवळात, चार माणसांत. वाजाप नाही, वरात नाही, नवरदेवाच्या हातात कट्यार-लिंबू काही नाही. पाट लावतात तसंच.

मामा इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. तिथून म्हणाले, "नवरदेव हाय का न्हाय त्यो? मग हात मोकळा का? हळद लागल्याली मानसं उगडी असत्यात. हातात लोखंड पायजे."

तेव्हा मला कळलं, दसऱ्याला काय मोडलं ते. मामांना स्थळाचं आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी उठून बशा विसळायला नेल्या. तुझे दादा गेले ते मला मोरीतूनच कळलं.

विजूला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे.

तुझी आत्या

---

इंदापूर
१८ जानेवारी १९९७

चि. राजनंदिनीस,

अनेक आशीर्वाद. वर्षश्राद्ध झालं. भटजी वेळेवर आले. कावळा लगेच शिवला. कुशाबाई म्हणाली, "बगा, त्येचं मागं काय न्हाय ऱ्हायलं." असेल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलं आहेस, आत्या, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही, आणि तुम्ही नाही म्हटलंत तर तुमच्यावर रागावणार पण नाही. मी नाही म्हटलेलं नाही. तुझ्या दादांना विचार, मी नाही हा शब्द काढला का. उगीच माझ्या नावावर काही घालू नका.

तू इथं असतीस तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही. दोघी मिळून दोन वेळचं केलं असतं. तू माझं म्हातारपण काढलं असतंस आणि मग तुझं कुणी काढलं असतं, हा हिशोब मी मांडून बघितला. मला मांडता येतात हिशोब. तो जुळत नाही.

बरं, मामांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं बारामतीला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकल्यावर या. मामा बाहेर येऊन म्हणाले, "आंबा हाय व्हय?"

येताना एसटी पिंपळीला थांबली. मामा उठले आणि उतरलेच. मी पिशव्या घेऊन मागं. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "तान लागलीय." स्टँडवर कळशी होती, ती सोडून ते सरळ दूध संकलनाच्या खोलीकडं निघाले.

बायकांची रांग होती. एक चाळिशीतला, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस मापं घेत होता, दुधात पाणी किती ते बघत होता. एक बाई त्याच्याशी भांडत होती, "नागेशभाव, आज डिगरी कमी लागलीच कशी? म्हस तीच, मी तीच."

तो म्हणाला, "काकू, तुमी तीच, म्हस बी तीच. बादली बदलली का बगा. का पावसात ठिवली हुती?"

"जानेवारीत पाऊस?"

"तेच म्हंतो मी."

रांग हसली, ती बाईही हसली. त्यानं आम्हाला बघितलं, खुर्ची पुढं केली, मामांना बसवलं आणि स्वतः तांब्या भरून आणला. मला आधी दिला. मग कुणाच्या तरी पेंडीच्या पोत्याची दोरी तोडायला खिशातून चाकू काढला आणि करवतीसारखा घासत बसला. मामांना ते बघवलं नाही. हात पुढं करून चाकू मागितला, अंगठ्यानं धार बघितली.

"ह्यानं लोनी बी कापायचं न्हाय."

"धार लावनारं कोन भेटत न्हाय, बाबा."

मामांनी चाकू मिटवून परत दिला. हातातच दिला, पण परक्याला खाली ठेव म्हणून काय सांगायचं. मला म्हणाले, "चल." बाहेर आल्यावर म्हणाले, "चाकूला धार न्हाय, आवाजाला बी न्हाय. मानूस कुनाला कापायचा न्हाय."

तो दारापर्यंत सोडायला आला. वाकून दोघांच्या पाया पडला आणि म्हणाला, "इंदापूरची एसटी हितं बी थांबती, आई. हात केला की थांबती."

आम्ही इंदापूरचे हे आम्ही सांगितलं नव्हतं.

यावरून काही हो झालं असं समजू नकोस. तहान लागली होती म्हणून उतरलो.

तुझी आत्या

---

इंदापूर
१० एप्रिल १९९७

चि. राजनंदिनीस,

अनेक आशीर्वाद. यंदा गुढी उभारली. साखरेच्या गाठी आणल्या, कडुनिंब खाल्ला. तुझी हिरवी साडी इथं राहून गेली होती, ट्रंकेत घालायची विसरले होते. गुढीला तीच नेसवली. काल धुऊन घडी घातली आहे.

मामांनी पात्याचा उरलेला तुकडा ठोकून, विझवून ठेवला होता. पण तो फडक्यात गुंडाळून ऐरणीवर तसाच होता. तसा ठेवला तर पहिल्यासारखा मोडणार, आणि पुढचं करायला डोळे नाहीत. मला त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. रोज झाडताना गोठ्याच्या दाराशी झाडू थांबवायचा, एवढंच.

काल दिवेलागणीला मी तुळशीपुढं निरांजन घेऊन उभी होते. पात्याचा रंग बघायचं मामांचं काम त्याच वेळेला करावं लागतं, उन्हात रंग कळत नाही आणि अंधारात उजेडाचा भास होतो. तर गोठ्यातून कुशाबाईचा आवाज. तिला बोलावलं होतं, रंग सांगायला!

"पिवळं म्हंजी किती पिवळं, तात्या?"

"खपली गव्हागत."

"मला काय म्हाईत, आमी रेशनचा गहू खातो."

"आता कसा दिसतोय?"

"दिसतोय की लोखंडागत."

राजनंदिनी, जिच्या एकाही भाकरीला काळा डाग चुकत नाही, तिला हे रंग विचारत होते. मला ऐकवेना. मी निरांजन हातात घेऊन तशीच गेले. दारात पोचले तर मामा म्हणाले, "दिवा भाईर ठिव. उजेडानं रंग खोटा दिसतो." मी देवाचा दिवा गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेले. कुशाबाई म्हणाली, "आलं बाई, सुटले मी," आणि पदर सावरत गेली.

आत तसंच होतं सगळं. विजूचा जुना टॉवेल खुंटीला, मामा त्यानंच हात पुसतात. एक जाड लोखंडी ठोकळा तापवून लाल केलेला, त्याच्यावर ते पातं. एका बाजूनं घासून आरशासारखं चकचकीत केलं होतं. मला माझं तोंड दिसलं त्यात, तुकड्यातुकड्यानं.

आधी काहीच होत नव्हतं. मग तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटायच्या आधी जसा जरासा रंग बदलतो, तसं झालं. वाळल्या गवतासारखं. मामा म्हणाले, "बोल." मी म्हटलं, थांबा. मग मधासारखं व्हायला लागलं. कडेनं काहीतरी जांभळं सरकत होतं. ते म्हणाले, "जांभळं धारंपातुर आलं की ग्येलं." मी म्हटलं, माहीत आहे, थांबा.

मग रंग आला. आपण खपली गहू निवडायला सुपात घ्यायचो ना, उन्हात धरल्यावर जसा दिसायचा, तसाच.

मी म्हटलं, "आता."

"खात्री?"

"आता म्हणते ना."

त्यांनी सांडशीनं ते उचलून बादलीत बुडवलं. बाहेर काढून माझ्यापुढं धरलं. त्यांना दिसत नव्हतं. "कसा हाय?" मी सांगितलं, आहे तसाच आहे, गेला नाही. त्यांनी ते पातं फरशीवर टाकलं. मुद्दाम टाकलं. ते वाजलं आणि एका जागी पडून राहिलं. मोडलं नाही.

निरांजन वाऱ्यानं विझलं होतं, ते परत लावलं.

तुझ्या दादांना सांग, वैशाखात दुपारी माणसं कोळपतात. मुहूर्त सकाळचा धरा.

तुझी आत्या

---

॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

इंदापूर
२२ मे १९९७

चि. सौ. कां. राजनंदिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रिका मिळाली. देवळात चार माणसांत म्हणता म्हणता तुझ्या दादांनी मांडव घातला, वाजंत्रीही सांगितली, हे बरं केलं.

मी येत नाही. रागानं नाही. नव्या नवरीच्या मांडवात माझ्याकडं बघून लोक विजूचं काढतील, ते तुझ्या अक्षतांत नको. मामा येतील. त्यांना पांढरा शर्ट शिवला आहे. गोठ्यातला टॉवेल खांद्यावर टाकून निघतील, तो काढून घेईन.

फोटो मी ठेवून घेते. नव्या घरात तो नको, आणि इथं भिंतीला त्याची सवय झाली आहे. हिरवी साडी मामांबरोबर देते आहे. नेसायची तर नेस.

कट्यारीचं लिहिते. पूर्ण झाली आहे. मूठ चिंचेच्या लाकडाची, आपल्या परसातली फांदी पडली होती तिची. पितळेच्या खिळ्या मामांनी स्वतः घासल्या. लिंबू आपल्याच झाडाचं, देठासकट तोडलं आहे, टोकाला नीट बसतं, मी बसवून बघितलं.

पण तुला न सांगता देणं बरं नाही. ती विजूच्या जीपच्या कमानीची आहे. मी काल जयंतीला नरसिंहपूरच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, अग्नीतून गेलं त्याला विटाळ राहत नाही. ते त्यांचं झालं. लोक वेगळं म्हणतील, कुशाबाई तर म्हणतेच आहे. मला स्वतःला अजून नीट कळत नाही. मला एवढंच दिसतं की त्या गाडीत जे मोडलं नाही, ते हे होतं. नागेशरावांनाही हे सांग. लपवून त्यांच्या हातात देऊ नकोस. त्यांना किंवा तुला चालणार नसेल तर मामा ती परत घेऊन येतील आणि त्यावर कुणी एक शब्द बोलणार नाही. मी तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

लग्नानंतर ती नुसती खुंटीला टांगून ठेवू नका. गंजेल. तेलाचं बोट फिरवत जा. पुढं घरात पाळणा हलला तर पाचवीला उशाशी ठेवता येईल.

एक शेवटचं. मामांना मी सकाळपासून बजावते आहे, पण ते विसरणार. इतकी वर्षं लोखंडात घालवली, त्यांच्या दृष्टीनं धार म्हणजे धार, बाकी काही नाही. मांडवात आले की फडकं सोडून सरळ तुझ्या हातात द्यायला जातील. घेऊ नकोस. चार माणसांत म्हणायला लाजू नकोस, म्हण, मामा, खाली ठेवा. त्यांना ती जमिनीवर ठेवू दे. नको असली तर तशीच राहू दे. हवी असली तर वाकून तूच उचल.

पण त्यांच्या हातातून घेऊ नकोस, बाई.

तुझी आत्या